रवळनाथाला नोटीस

कॅम्प सडेवाडी,
११ जानेवारी १९५९

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. तो खरोखरच घातलाय, कारण हे पत्र मी जमिनीवर पालथा पडून लिहितोय. हापिसात टेबल एकच आहे आणि ते हेडक्लार्क नाबरांच्या पानाच्या डब्यानं अडवलंय.

तर बातमी अशी की मी सरकार झालो. हसू नको. दशावताराची कंपनी सोडली. पेटारा वाहून वाहून खांदा निकामी झाला, आणि स्त्रीपार्ट देतो देतो म्हणेपर्यंत मला मिशी फुटली. मग तळेऱ्याच्या तिठ्यावर देवगडच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. देवगडला एकानं कुत्र्याचं पिल्लू देतो म्हणून सांगितलं होतं, तांबडं, एक कान पांढरा. ते राहू दे. तेवढ्यात एक जीप थांबली. आत ओव्हरसीअर मोहोळकर, सोलापूरकडचे. त्यांचा खलाशी म्हणजे मदतीचा गडी लग्नाला म्हणून गेला तो तिकडेच राहिला होता. मला खालीवर बघून म्हणाले, "ए, सरळ उभं ऱ्हायला येतंय का?" आबा सोडून हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. म्हटलं, "प्रयत्न करतो." म्हणाले, "मग बस."

सर्व्हे म्हणजे काय ते तुला सांगतो. एक माणूस सावलीत उभा राहून दुर्बिणीतून बघतो आणि दुसरा माणूस उन्हात आकड्यांची पट्टी धरून उभा राहतो. दुसरा मी. मोहोळकर लांबून हात हलवतात, मी डावीकडे सरतो. ते आणखी हलवतात, मी आणखी सरतो. काल मी असा सरत सरत एका बाईच्या मिरचीच्या वाफ्यात गेलो आणि तिनं मला कोयता दाखवला. मोहोळकर वैतागून म्हणतात, "हिकडं समदंच वाकडं. रस्ता वाकडा, नदी वाकडी, माणसं तर इचारूच नका." पण माणूस चांगला. माशाच्या काट्याला मात्र वाघासारखा भितो.

लिहायचं होतं ते राहिलंच. हापिसाच्या भिंतीवर नकाशा आहे, त्यात तुझं वायंगवळ सापडलं. तुमच्या व्हाळावर लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारलीय. म्हटलं, हे काय? तर मोहोळकर म्हणाले, "पूल हाय. पायी जायचा. मंजुरी आली तर." म्हटलं, तू तिथे शाळेत शिकवतेस तर तुला कळवावं.

तुझा,
गुरुदास

---

वायंगवळ,
२४ जानेवारी १९५९

चि. गुरुदास,

अनेक आशीर्वाद. बरेच पाठवतेय, एखादा तरी लागू पडेल.

तुझ्या पत्रावर सगळीकडे हसले. लाल रेघेपाशी मात्र हसू थांबलं. तुला माझ्या शाळेचं काही ठाऊक नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. म्हणून आता सांगते, नीट वाच, मध्येच कुत्र्याचं पिल्लू आठवू नको.

शाळा व्हाळाच्या अलीकडे, देवळाला लागून. निम्म्याहून जास्त मुलं पलीकडच्या वाडीतली. मिरग लागला की व्हाळ तांबडा होऊन फुगतो, बाबली गावकर आपली होडी किनाऱ्यावर पालथी घालतो, आणि पलीकडची मुलं मला थेट गणपतीनंतर दिसतात. तोवर त्यांचे पाढे समुद्राला मिळालेले असतात. गेल्या जुलैत शाळा तपासायला दिपोटी आले ते नेमके भर पुरात. वर्गात मुलांपेक्षा बेडूक जास्त. जाताना बजावून गेले, येत्या पावसाळ्यातही हेच दिसलं तर शाळा बंद करून शेजारच्या गावात मिळवणार.

शाळा गेली की माझी नोकरी गेली. आणि नोकरी गेली की काय, ते दिवाळीत आबांनीच सांगितलंय. "नोकरी आसा तवसर मी लग्नाचो विषय काढूचंय नाय. सुटली काय वेंगुर्ल्याच्या काथ्यावाल्याक होकार." काथ्यावाला बिजवर आहे. माणूस वाईट नाही. मला बघायला आला तेव्हा मी चहा पुढे केला. तो म्हणाला, "सुंभाचा भाव यंदा बरा आहे." मी म्हटलं, "असं का?" तो म्हणाला, "हो." एवढ्या बोलण्यावर उरलेला जन्म काढायचा.

तेव्हा त्या रेघेवर पाय रोवून उभा राहा. आयुष्यात एक काम तरी शेवटापर्यंत ने रे.

तुझी,
अक्का (सरला)

---

कॅम्प सडेवाडी,
२२ फेब्रुवारी १९५९

ती. अक्का,

मोजणीला तुमच्याकडे आलो आणि तुझ्या हातच्या तिसऱ्यांचं सुकं खाल्लं, तेव्हापासून मोहोळकर बदललेत. काटे नसलेला मासा शिंपीत राहतो हे त्यांना सोलापुरात कुणी सांगितलंच नव्हतं. परतताना जीपमध्ये म्हणाले, "गुरुदास, तुझ्या भनीसाठी ह्यो पूल झालाच पायजे." मी म्हटलं, शिंपल्यांसाठी की बहिणीसाठी? तर म्हणाले, "गप बस."

खुंट्या ठोकून झाल्या, आकडे झाले, नकाशा झाला. आणि मग नाबरांनी चष्मा वर केला. पुलाचा तुमच्या बाजूचा पाया ज्या मळ्यात येतो, तो मळा सातबाऱ्यावर कुणाच्या नावे आहे ठाऊक आहे? देव रवळनाथ. कूळ नाही, खोत नाही. खुद्द देव.

नाबर म्हणाले, "मालकाला नोटीस काढावी लागेल."

मोहोळकर म्हणाले, "अवो, पर मालक दगडाचा हाय."

"मालक दगडाचा असला तरी नोटीस कागदाचीच लागते. आणि ती मालकाला प्रत्यक्ष लागू करायची. कायदा आहे."

माझं अक्षर बरं (हे एकच सातवीपर्यंत पुरलं), म्हणून छापील नोटीस भरायला मलाच बसवलं. मालकाचे नाव: रवळनाथ. राहणार: वायंगवळ, देवळात. बापाचे नाव? इथे मी अडलो. नाबरांच्या तोंडात पान होतं, त्यांनी नुसता हात उडवला. मी लिहिलं, माहीत नाही. वय? सज्ञान. हे मी माझ्या डोक्यानं लिहिलं. धंदा? शेती. खाली छापलेलं होतंच की, पंधरा दिवसांत हजर राहून हरकत न घेतल्यास एकतर्फी निकाल होईल.

सही करताना रावसाहेबांनी, म्हणजे आमच्या डेप्युटी इंजिनियरनी, वाचलंसुद्धा नाही. मोठे साहेब असेच असतात, त्यांचा विश्वास असतो.

येत्या सोमवारी मी स्वतः येऊन मालकाला नोटीस लागू करतो. भात टाक.

गुरुदास

---

वायंगवळ,
९ मार्च १९५९

चि. गुरुदास,

आशीर्वाद आज राखून ठेवलेत.

तू आलास, खळ लावून देवळाच्या खांबाला नोटीस चिकटवलीस, "अक्का, आलोच हां" म्हणालास, आणि गेलास तो गेलासच. मी भात झाकून वाट बघत होते. मागाहून कळलं, नाक्यावर कुणाचा तरी कोंबडा झुंजायचा होता आणि तुझं मत घेतल्याशिवाय तो झुंजेना. तुझ्यामागे इथे काय झालं ते ऐक.

दुसऱ्या दिवशी बाबलीनं गाव बोलावलं. तुला ठाऊक आहे, या गावात रवळनाथाला विचारल्याशिवाय कुणी गोठ्याचं दारही फिरवत नाही, आणि पहिला मान बाबलीचा. कौल घ्यायला गुरवानं देवाच्या अंगाला फुलांचे कळे चिकटवले. बाबलीनं गाऱ्हाणं घातलं. आम्ही बायका बाहेर तुळशीपाशी उभ्या.

"बा देवा म्हाराजा! सरकार तुझो मळो मागता. पोरांका पूल होतलो. देवचो आसात तर उजवो कळो दी!"

"व्हय म्हाराजा!"

कळा डावीकडे पडला.

पण डाव्या कौलावर उठून जायची इथे रीत नाही. राग कशाचा ते विचारायचं असतं. मळ्याचो राग आसा? कळा हलेना. पुलाचो? हलेना. "मगे देवा, ह्या कागदाचो?" टप्‌कन उजवा.

बाबली बाहेर आला. "बाईनू, वाचा बघया, काय लिवलांहा ता."

मी वाचलं. राहणार देवळात, इथवर माना डोलत होत्या. मग 'बापाचे नाव: माहीत नाही'. अरे, मासळी बाजारात वीज पडावी तसे सगळे ताडकन उठले.

"आमच्या देवाच्या बापाशीची चौकशी करणारो सरकार कोण?" बाबली कडाडला. "सरकारच्या बापाशीचा नाव काय, ता आमी कधी इचारलां?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि वय सज्ञान म्हणजे? कालपरवाच जालो की काय?" धंदा शेती यावर मात्र कुणाची हरकत नव्हती. देव रात्री मळ्याची राखण करतो हे सगळ्यांना मान्य आहे.

ठराव झाला तो असा: सरकारानं स्वतः इथे यावं, देवापुढे नारळ ठेवावा, चूक कबूल करावी. तोवर कुदळ लावायची नाही. मी बाबलीला म्हटलं, "गावकरानू, चूक माझ्या भावाची, सरकारची नव्हे." तर म्हणतो, "सही खंयच्या भावाची आसा?"

शिमग्याला मी वालावलला आबांकडे जातेय. काथ्यावालाही यायचा आहे. मी परत येईपर्यंत सरकार इथे आलं पाहिजे. कसं ते तू बघ.

अक्का

---

कॅम्प सडेवाडी,
३१ मार्च १९५९

ती. अक्का,

वालावलच्या पत्त्यावर लिहितोय. आबांना मोठ्यानं वाचून दाखवलंस तरी चालेल, या खेपेला मी काम केलंय.

आधी हापिसात विचारलं. नाबर म्हणाले, "माफीला तरतूद नाही." रावसाहेब म्हणाले, "सरकार खातेदाराची माफी मागत नाही, मग तो कोणीही असो." मोहोळकर नंतर अंगणात तंबाखू मळत म्हणाले, "मला काय जाता यायचं न्हाई. नोकरी हाय. पर माझी टोपी खुंटीला असतीया, आन्‌ दुपारचं मी जेवून झोपतो." एवढं बोलून ते जेवायला गेले आणि झोपले.

ती तू बघितलीयस, खाकी, टोपलीएवढी. साहेब लोक घालायचे तसली. ती घालून मी वायंगवळला उतरलो. वाटेत कुत्री मागे लागली. एक होती, तांबडी... ते राहू दे.

बाबलीनं मला ओळखलं, न ओळखायला काय झालं? "पट्टी धरून उभो होतो तो तूच मा रे?"

"मीच."

"टोपी कोणाची?"

"सरकारची."

"मगे तू बाजूक ऱ्हव. टोपी हाड हयसर."

टोपी देवापुढे पाटावर ठेवली. तिच्यापुढे विडा, नारळ. मी खांबाआड. गाव जमला आणि बाबलीनं जो सूर लावला, कंपनीतल्या आमच्या राजाला जन्मात लागला नसता.

"बा देवा म्हाराजा! ह्या टोपयेखाली सरकार आसा. दिसत नाय, पण आसा. तुझ्यासारख्याच!"

"व्हय म्हाराजा!"

"सरकार लहान आसा, कालचा पोर. त्याका समजणा नाय. त्याचा अक्षर बरा, पण अक्कल कमी!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात झालं असं मला वाटलं.

"त्याची चूक पदरात घे आणि उजवो कौल दी!"

उजवा. अक्का, एकदम उजवा. मग बाबलीनं पुढचं विचारलं, पुलावरून पहिला पाय कुणाचा? सरकारचा? डावा. गावकराचा? डावा. बाबलीचं तोंड बघायला तू हवी होतीस. मग गुरव हळूच म्हणाला, पलीकडच्या वाडीत देवाची बहीण पावणाई. दर साली तिच्या भेटीला जायचं तर देवाला व्हाळात कमरेभर पाण्यातून जावं लागतं. "मगे देवा, तुझोच पाय? भयणीक भेटाक? मिरगाच्या आधी?" उजवा. सगळा गाव ओरडला. नारळ फुटला, सरकारच्या वाट्याची कवड सरकारच्या वतीनं मी खाल्ली.

पूल झालाच समज.

गुरुदास

---

वायंगवळ,
३० एप्रिल १९५९

गुरुदास,

काल ओव्हरसीअर मोहोळकर येऊन गेले. शिंपल्या खाल्ल्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं. मान खाली घालून म्हणाले, "बाई, ह्या सालची मंजुरी एकतीस मार्चला परत गेली. आता फुडल्या सालात. मिळाली तर." मी म्हटलं, "गुरुदासला ठाऊक होतं?" ते म्हणाले, "त्यानंच तर तार वाचून दाखवली."

म्हणजे ज्या दिवशी तुला कळलं, त्याच दिवशी तू मला लिहिलंस, पूल झालाच समज.

ते पत्र मी आबांना खरंच मोठ्यानं वाचून दाखवलं. काथ्यावाला समोर बसला होता. आबांना हसू आवरेना, आणि शेवटी म्हणाले, "मगे पूल होता म्हणजे चेडवाची नोकरी ऱ्हवली." काथ्यावाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुलाला दोर लागतील ना?" मी त्याच्याकडे बघून पहिल्यांदाच हसले. आता तेच हसू गिळून घरी जायचं. कंपनीत मिळाला नाही तो पार्ट तू माझ्यापुढे केलास.

बाबलीला मीच जाऊन सांगितलं. वाटलं, सरकारला शिव्या घालील. तो पेजेचं ताट बाजूला सारून बसला, मग म्हणाला, "सरकार येवंदे पुढच्या वर्साक, नायतर त्याच्याय पुढच्या. देवान भयणीक शबद दिलोहा. देव काय सरकार आसा, मार्च सरलो म्हणान फिराक?"

उद्यापासून भेरलेमाड तोडणार आहेत. त्यांचा साकव, म्हणजे गावचा लाकडी पूल, घालणार. पण तो सरकारी खुंट्यांच्या रेघेवरच पाहिजे, कारण कौल त्या जागेचा आहे, इंचभरही इकडेतिकडे नाही. आणि पाण्यातल्या खुंट्या भरतीनं गेल्या. कुठे होत्या ते कुणालाच सांगता येईना. तू तिथे पट्टी धरून उभा होतास. निदान स्वतःचे पाय कुठे होते हे तरी आठवत असेल.

यायचं तर ये. नाहीतर कोंबडे झुंजव.

सरला

---

(कार्ड)
सडेवाडी, ४ मे

अक्का,

तार सकाळी आली. पत्र लिहायला दुपारी बसलो. खरं लिहायला घेतलं, तीनदा फाडलं, मग जे लिहिता आलं ते लिहिलं. ते वाचून मलासुद्धा खरं वाटलं होतं.

निघालोय. चिखलात माझी एक चप्पल रुतली होती ती जागा विसरणं शक्य नाही, दुसरी अजून माझ्याकडे आहे. मोहोळकर रविवारी येतील, पण ते आलेले नसतील. म्हणजे रजेवर असतील, टोपी नसेल, आणि ते सारखे दुसरीकडेच बघत असतील. तू त्यांना ओळख दाखवू नको, नुसत्या शिंपल्या दाखव.

हे कार्ड माझ्याआधी पोचलं तर भात जास्त टाक. मागाहून पोचलं तर फाड.

गुरू

---

आंबोली,
२१ जून १९५९

ती. अक्का,

नमस्कार. हापिसानं मला मोकळा केला, म्हणजे काढला. सध्या घाटातल्या एका चहाच्या खोपटात आहे. इथे पाऊस पडत नाही, ओततात. दूध किती आणि पाणी किती हे मालकालाही सांगता येत नाही. गाड्या थांबतात, माणसं उतरतात, भजी खातात, धुक्यात नाहीशी होतात. परवा एक गृहस्थ चहाचा कप घेऊनच नाहीसे झाले.

निघायच्या आधीची गंमत सांगायची राहिली. वरून हुकूम आला, वायंगवळच्या जागेचा ताजा अहवाल धाडा, पुढच्या साली मंजुरी द्यायची की नाही ते ठरवू. मोहोळकर जागेवर गेले. जे दिसतं ते लिहायचं असतं, म्हणून लिहिलं: जागेवर साकव आहे. उत्तर आलं: पूल असल्याने पुलाची आवश्यकता नाही, प्रकरण बंद. सरकार बांधीना म्हणून गावानं बांधला, आणि गावानं बांधला म्हणून सरकार बांधीना. यात चूक कुणाची, म्हणून मी नाबरांना विचारलं. ते म्हणाले, "चुकीला तरतूद नाही."

मला मात्र राहून राहून देव साकवावरून बहिणीकडे गेला तो दिवस आठवतो. ढोल, मिरवणुकीतले देवाचे खांब, गावातल्या लवूच्या अंगात आलेला देव. सगळ्यांनी हात जोडलेले. लवू डोळे फिरवत घुमत साकवाच्या मध्यावर गेला, थांबला, खाली बघितलं, आणि देवाच्या आवाजात नव्हे, स्वतःच्याच आवाजात म्हणाला, "हलता रे ह्या!" बाबली मागून ओरडला, "देवा, भयण वाट बघता! चल मरे!" आणि देव चालला. पलीकडे बायकांनी ओवाळलं तेव्हा तू पदर डोळ्याला लावलास. मला वाटतं धूर गेला असावा.

पण अक्का, एक विचारायचं होतं, म्हणूनच हे पत्र. इथल्या पावसाचा आवाज ऐकला की झोप लागत नाही. मधला खांब मी धरला होता, ते ठोकत होते तेव्हा. मोहोळकर दुसरीकडे बघत म्हणत होते, "डावीकडं... आनखी... हां." तो सरळ आहे ना? दिपोटी येऊन गेले का? आणि नसतील आले, किंवा खांब नसेल उरला, तर या खेपेला तू मला गोड लिहू नको. मी लिहिलं होतं तसं.

गुरुदास

---

वायंगवळ,
१९ जुलै १९५९

चि. गुरुदास,

अनेक आशीर्वाद, राखून ठेवलेल्यांसकट.

गोड लिहीत नाही. खांब सरळ नाही. खालच्या अंगाला झुकलाय, तू उभा राहतोस तसा. पण उभा आहे. गेल्या आठवड्यात व्हाळातून एक अख्खं झाड वाहत आलं, त्यावर आपटलं, गिरकी घेऊन पुढे गेलं. बाबली आता रोज सकाळी येऊन खांबाला लाथ मारून बघतो. मी म्हटलं, "गावकरानू, लाथेनच पडात तो." तर म्हणतो, "तुमी पोरांचा बघा, मी देवाचा बघतंय."

दिपोटी गुरुवारी आले. आदल्या रात्रीपासून धो धो. आणि त्यांच्या आधी, पलीकडच्या वाडीच्या बाजूनं कोण आलं असेल? आबा. बरोबर एक गडी, माझी ट्रंक उचलायला. तपासणीचा दिवस त्यांना ठाऊक होता आणि निकालही ठाऊक होता. तुझी पत्रं वाचून त्यांचा पुलावर विश्वास राहिला नव्हता. पण ट्रंकेकडे यायचं तर साकवावरूनच यावं लागलं. मुलं सांगतात, आबा बसून आले. बसून, पुढे पुढे सरकत. धोतराची दशा बघून मला ते खरं वाटतं.

दिपोटी वर्गात आले. इरली दाराशी उभी करून ठेवलेली, नुसता ढीग. मुलांची अंगं ओली, पण मुलं सगळी. त्यांनी मोजली. मग माझ्याकडे बघून पुन्हा मोजली, जणू मी भाड्यानं आणलीत. एका पोराला विचारलं, "तू पलीकडचा ना? कसा आलास?" तो म्हणाला, "देवाच्या वाटेन." दिपोटींनी खिडकीतून वाकून साकव बघितला. "यावरून? तुम्ही जबाबदारी घेता, बाई?" मी म्हटलं, "रोज घेते. त्यांना सोडायला रोज पलीकडे जाते." ते बराच वेळ लिहीत होते. शेवटचं वाक्य मी उलटं वाचलं: शाळा येथेच चालू ठेवावी. स्वतः मात्र साकवावर पाय ठेवला नाही.

आबा मागे भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर ओली छत्री. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. तेही मोजत होते. दुपारी गड्याला म्हणाले, "तू पुढे हो. ट्रंक ऱ्हवांदे." आणि मी मुलांना पोचवायला निघाले तेव्हा माझ्यामागून निघाले.

साकवाच्या तोंडाशी थांबले. मुलं केव्हाच पलीकडे उड्या मारत होती. आबांनी पाण्याकडे बघितलं, मग हात पुढे केला, माझ्याकडे न बघता. मी धरला. गुरू, आबांनी माझा हात कधी धरला होता ते मला आठवत नाही. घट्ट होता.

मध्यावर, तुझ्या वाकड्या खांबापाशी, ते थांबले.

"त्या वेंगुर्लेकाराक मी आता काय सांगू गो?"

"सांगा, चेडवाक शाळा आसा."

"आणि सुटी कधी पडता म्हणान इचारल्यान तर?"

मी म्हटलं, "आबा, खाली बघू नका. चालत ऱ्हवा."

अक्का